‘ठाऊक होते ना?’

बव्हेरियाच्या डोंगराळ भागातील ओबरआमरगाऊ या खेड्याने १६३३ साली एक नवस केला. गावात प्लेगने ऐंशीहून अधिक बळी घेतले होते. ही साथ थांबली तर प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाट्य आम्ही ठरावीक वर्षांनी करीत राहू, असे वचन गावकऱ्यांनी दिले आणि १६३४ साली ते प्रथम पाळले. पुढे दर दहा वर्षांनी हे नाट्य करण्याचा प्रघात पडला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चा प्रयोग १९२२ वर गेला, तसाच २०२० चा मोसमही हुकला. मे महिन्यात सुरू व्हायचे ते नाट्य १९ मार्च २०२० रोजी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि प्रत्यक्षात १४ मे २०२२ रोजी सुरू झाले. साथीतून जन्मलेल्या नाट्याला साथीनेच अडवावे, या योगायोगावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो नाट्याचा नव्हे, तर ते पाहायला निघालेल्या यात्रेकरूचा आणि त्याच्या खिशातील एका कागदाचा.

अशी यात्रा करणारा माणूस बहुधा वर्षभर आधी जागा राखून ठेवतो. विमानभाडे, मुक्काम, प्रवेशिका असा सारा खर्च आगाऊ होतो आणि तो बुडू नये म्हणून प्रवासविमा घेतला जातो. आता दोन यात्रेकरू कल्पावेत. एकाने २०१९ च्या पावसाळ्यात विमा घेतला, दुसऱ्याने २०२१ च्या. दोघांनी सारखाच हप्ता भरला आणि दोघांचीही यात्रा करोनामुळे हुकली असे धरू. पहिल्याच्या विमापत्रात साथरोग हा अपवाद म्हणून छापलेला नसेल, तर त्याला भरपाई मागता आली. दुसऱ्यापुढे मात्र अनेक विमापत्रांच्या पाठीवरचे एक कलम आडवे आले. विमा घेते वेळी जे संकट ठाऊक होते, किंवा सामान्य माणसाला ठाऊक असायला हवे होते, त्यातून झालेले नुकसान आम्ही भरून देणार नाही, असा त्या कलमाचा आशय. ‘ठाऊक’ कधीपासून, हेही कंपन्यांनी आपापल्या परीने ठरवले. वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारीला आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला ‘महामारी’ हा शब्द उच्चारला. कोणी जानेवारीतला एखादा दिवस धरला, कोणी मार्चमधला. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ज्याने पैसे भरले तो अज्ञानी आणि म्हणून सुरक्षित. दुसऱ्या सकाळी ज्याने भरले तो जाणता आणि म्हणून उघडा.

हे न्याय्य आहे काय? आणि त्याहून खोलवरचा प्रश्न: एखादे संकट ठाऊक असूनही माणूस निघाला, तर त्याचे सारे नुकसान त्याचे एकट्याचे ठरते काय?

पहिल्या प्रश्नाबाबत विमा कंपन्यांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. आपल्याकडे कंपनी म्हटले की तिच्या तिजोरीचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि त्या तिजोरीतून दिलेला रुपया कोणाचाच नव्हे असे वाटू लागते. वस्तुतः विमा ही एक मोठी भिशीच आहे. पुष्कळांनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्या थोड्यांवर आपत्ती कोसळेल त्यांनी उचलायचे. कोणावर कोसळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच सारे जण सारख्या मनाने पैसे टाकतात. घराला आग लागल्यावर विमा उतरवायला धावणारा माणूस या भिशीत हप्ता टाकत नाही; तो इतरांच्या ताटातले उचलतो. अपवादाचे कलम मुळात याच माणसासाठी जन्माला आले आणि त्याला अडवण्यात अन्याय काही नाही.

थायलंडमध्ये याची उलट बाजू दिसली. २०२० साली, तेथे रुग्ण अगदी मोजके असताना, काही कंपन्यांनी काहीशे बाथच्या हप्त्यावर पन्नास हजार ते एक लाख बाथ देणारी विमापत्रे विकली. करोना झाल्याचे निदान हातात पडले की पैसे, असा सरळ करार होता. लोकांच्या उड्या पडल्या. २०२१ मध्ये डेल्टाची लाट आली आणि दाव्यांचा पूर लोटला. जुलै महिन्यात एका कंपनीने आपली विमापत्रे एकतर्फी रद्द केल्याचे जाहीरही केले. नियामकाने ते होऊ दिले नाही. वचन टिकले, पण वचन देणारे टिकले नाहीत. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून एकामागून एक कंपन्यांचे परवाने रद्द झाले आणि ज्या कंपनीने माघार घेऊ पाहिली होती तिचाही २०२४ मध्ये झाला. करोनाशी ज्यांचा संबंध नव्हता, ज्यांनी केवळ मोटारीचा किंवा घराचा विमा घेतला होता, तेही या पडझडीत सापडले. उदार वाटणारे वचन दुसऱ्याच कोणाच्या खर्चाने दिलेले असू शकते, हे थायलंडमधील हजारो कुटुंबांना अनुभवाने कळले.

तेव्हा अपवाद असणे हा दोष नव्हे. ते विम्याइतकेच जुने आहेत. ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोआ येथे झालेला एक करार आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुना विमा करार मानला जातो. मायोर्काला निघालेल्या एका जहाजाच्या जोखमीविषयी तो होता आणि जहाजाने सरळ मार्गानेच गेले पाहिजे, ही अट त्यातही होती. गंमत अशी की, त्या कागदावर विम्याचे नावही नाही. ते बिनव्याजी कर्ज असल्याचा देखावा त्यात केलेला आहे. याचे कारण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात सापडते. पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३४ सालच्या धर्मनियमसंग्रहात असा एक नियम आहे की, समुद्रप्रवासाला निघालेल्या व्यापाऱ्याला कर्ज देऊन, जोखीम मी पत्करली या सबबीवर जो मुद्दलापेक्षा अधिक घेतो, त्याला सावकारीचा दोषी समजावे. या नियमावर धर्मशास्त्र्यांत पुढे शतकानुशतके खल झाला. कर्जावरचे व्याज वेगळे आणि दुसऱ्याचे भय स्वतःच्या शिरावर घेण्याचे मोल वेगळे, हा भेद त्या खलातून हळूहळू स्पष्ट झाला आणि विमा हा प्रामाणिक व्यवहार ठरला. विमेदाराला हप्ता घेण्याचा नैतिक हक्क पोचतो, तो खरोखरच काही भय तो उचलतो म्हणून. हप्ता घ्यायचा आणि भय मात्र जवळजवळ सारे दुसऱ्याच्याच खांद्यावर ठेवायचे, तर तो जुना आक्षेप पुन्हा जिवंत होतो. (जाता जाता: ज्या ऑक्टोबरात जिनोआचा नोटरी तो कागद लिहीत होता, त्याच ऑक्टोबरात प्लेग सिसिलीतील मेस्सिना बंदरात उतरला. समुद्रावरच्या वादळाची किंमत ठरवणाऱ्यांना त्याची किंमत ठरवता आली नसती.)

पुढे सागरी विम्यात एक फार विचार करण्याजोगे कलम रूढ झाले. ‘जहाज बुडालेले असो वा नसो’ असे ते म्हणते. करार होत असताना जहाज दूर कोठे तरी आधीच तळाला गेलेले असले, तरी विमा पक्का. अट एवढीच की, विमा घेणाऱ्याला ते ठाऊक असून विमेदाराला ठाऊक नाही, असे असू नये. म्हणजे प्रश्न संकट घडले की नाही हा नव्हताच. दोघांच्या जाणिवेत तफावत आहे की नाही, हा होता. १७६६ साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे एक खटला चालला. सुमात्रातील बेंकुलेन येथील इंग्रजांच्या किल्ल्याच्या गव्हर्नरने, किल्ला युरोपीय शत्रूच्या हाती पडेल या भीतीने विमा उतरवला होता आणि १७६० मध्ये फ्रेंचांनी तो खरोखरच घेतला. किल्ला दुबळा आहे हे गव्हर्नरने सांगितले नाही, असे म्हणून विमेदाराने पैसे नाकारले. निकाल विमेदाराच्या विरुद्ध गेला. विमा घेणाराने आपल्यापुरती ठाऊक असलेली गोष्ट लपवता कामा नये, हे तत्त्व मॅन्सफील्ड यांनी मांडलेच. पण जे सर्व जगाला ठाऊक आहे किंवा विमेदाराने स्वतः ठाऊक करून घ्यायला हवे, त्याबद्दल मला कोणी सांगितले नाही अशी तक्रार त्याला करता येणार नाही, हेही सांगितले.

या दोन जुन्या नियमांच्या उजेडात साथकाळातील कलम पाहिले की त्यातील खरी मेख दिसते. २०२१ च्या यात्रेकरूला करोना ठाऊक होता, हे मान्य. पण विमा विकणाऱ्यालाही तो तेवढाच, किंबहुना अधिक ठाऊक होता. यात्रेकरूने काही लपवले नव्हते. तफावत असलीच तर ती उलट्या दिशेची होती: या कागदाने आता नेमके काय मिळणार नाही, हे विकणाऱ्याला पुरते माहीत होते आणि घेणाऱ्याला अर्धवट. ज्याने हे कलम पैसे घेण्याआधी ठळक अक्षरांत, समजेल अशा भाषेत पुढे ठेवले, त्याला आम्ही दोष देणार नाही. ज्याने ते मागच्या पानावर बारीक टायपात ठेवून हप्ता पूर्वीइतकाच घेतला, त्याने कायदा पाळला असेल. पण ‘तुम्हांला ठाऊक होते’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्याने गमावला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय ‘ठाऊक असणे’ ही गोष्ट कागदावर दिसते तितकी सोपी नाही. इस्राएलने मार्च २०२० मध्ये परदेशी प्रवाशांना दारे बंद केली. बेथलेहेममधील प्रभुजन्माचे मंदिरही त्याच महिन्याच्या ५ तारखेला बंद झाले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी लस घेतलेल्या पर्यटकांसाठी तो देश पुन्हा उघडला. आता नाताळ बेथलेहेममध्ये साजरा करता येईल, असे त्या आठवड्यात एखाद्या कुटुंबाने ठरवले असेल, तर त्याला अविचारी कोण म्हणेल? पण २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन हे नाव जाहीर केले आणि दोनच दिवसांत इस्राएलने परदेशीयांवर पुन्हा बंदी घातली; ती ९ जानेवारी २०२२ ला उठू लागली, तेव्हा नाताळ होऊन गेला होता. या कुटुंबाला करोना ठाऊक होता. ओमायक्रॉन कोणालाच ठाऊक नव्हता. सरहद्द कोणत्या रात्री बंद होईल, हे तर ती बंद करणाऱ्या मंत्र्यांनाही आठवडाभर आधी सांगता आले नसते. संकटाचे नाव ठाऊक असणे आणि ते आपल्या दारी कधी, कसे येणार हे ठाऊक असणे, यांत पुष्कळ अंतर आहे. मृत्यू तर आपणा सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणून आयुर्विमा कोणी नाकारत नाही.

आपल्याच देशाने हे अंतर ओळखले होते. भारतीय विमा नियामकाच्या आदेशानुसार १० जुलै २०२० पासून ‘कोरोना कवच’ हा आरोग्यविमा बाजारात आला. त्या दिवशी करोना ठाऊक नसलेला माणूस देशात शोधून सापडला नसता. तरीही पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांसाठी मिळू लागले. आग लागल्यावर धावत येणाऱ्याला अडवण्यासाठी पहिले पंधरा दिवस वगळले, इतकेच. म्हणजे ठाऊक असलेल्या संकटाचा विमा अशक्य नाही. लाखांतून कोण आजारी पडेल हे अनिश्चित आहे तोवर भिशी चालते. सरहद्द बंद होते तेव्हा मात्र सर्वांचाच प्रवास एका रात्रीत बुडतो आणि भिशीतल्या प्रत्येकालाच उचल हवी असते. काही प्रवासविमा कंपन्यांनी पुढे याच भेदाने वाट काढली: प्रवासी स्वतः करोनाने आजारी पडला तर खर्च देऊ, सरकारने दार लावले तर नाही. आम्हांला ही रेषा ‘ठाऊक होते, ठाऊक नव्हते’ या रेषेपेक्षा पुष्कळ अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती आपल्या असमर्थतेचे खरे कारण सांगते आणि प्रवाशाच्या शहाणपणावर बोट ठेवत नाही.

बोट ठेवणे हीच या विषयातली खरी चिंता आहे. करारातील ‘ठाऊक होते’ या शब्दांचा अर्थ इतकाच की, हे नुकसान या भिशीतून भरून निघणार नाही. परंतु साथीच्या त्या दोन वर्षांत हे शब्द करारातून निसटून आपल्या बोलण्यात शिरले. कोणी परगावी अडकला, कोणाचे पैसे बुडाले, कोणी प्रवासातून आजार घेऊन आला, की पहिला उद्‌गार येई: ठाऊक होते ना, मग कशाला गेला? हिशेबाचे वाक्य निवाड्याचे वाक्य झाले. विमेदाराला आपली मर्यादा आखण्यासाठी जे कलम लागते, ते शेजाऱ्याने, नातलगाने, धर्मग्रामाने आपल्या अंतःकरणालाही लावून घेतले.

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाची कथा लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, यरीहो सुमारे अडीचशे मीटर खाली. मधला उतार ओसाड कडेकपारींतून जाणारा. लुटारूंसाठी ही वाट कुप्रसिद्ध होती. तीवरच्या एका चढणीच्या नावाचा संबंध संत जेरोम यांनी तेथे लुटारूंनी सांडलेल्या रक्ताशी जोडला आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तो वाटसरू ठाऊक असलेल्या संकटात शिरला होता. तो एकटा का निघाला, कोणत्या कामासाठी निघाला, त्याने सोबत का शोधली नाही, याविषयी कथा एक अक्षर बोलत नाही; आणि शोमरोनीही त्याला विचारत नाही. याजक व लेवी बाजूने का निघून गेले, हेही सांगितलेले नाही. ‘या वाटेने एकट्याने येतात का?’ असे त्यांच्या मनात आले असेल काय, असा विचार मात्र साथीनंतर ही कथा वाचताना आमच्या मनात येऊन गेला.

त्याच कथेतील एक तपशील विम्याच्या दृष्टीने फार बोलका आहे. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि याहून अधिक खर्च आला तर परतताना देईन, असे सांगतो. ही कमाल मर्यादा नसलेली हमी आहे. असा कागद कोणतीही विमा कंपनी लिहून देऊ शकणार नाही आणि तिने द्यावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. थायलंडमध्ये त्याचे काय झाले ते आपण पाहिलेच. परंतु कंपनी जे करू शकत नाही ते कोणीच करायचे नाही, असे त्यातून निघत नाही.

कारण निघणाऱ्यांत सारेच हौशी पर्यटक नव्हते. कलमाला प्रवासाचा हेतू दिसत नाही. अखेरच्या घटका मोजणाऱ्या आईला भेटायला आखातातून निघालेला मुलगा आणि बर्फ पाहायला निघालेला सहलकरी त्याच्या लेखी एकच. गोव्यातील, कोकणातील, वसईतील कितीतरी घरांची चूल जहाजावरच्या पगारावर पेटते. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करारांची मुदत संपूनही जहाजांवरच अडकले होते आणि साधारण तितकेच घरी बसून जहाजावर चढण्याची वाट पाहत होते. घरी बसलेल्यांपैकी ज्याला बोलावणे आले तो सर्व काही ठाऊक असूनच निघाला. त्याने आणलेल्या औषधांवर, तेलावर, धान्यावर ज्यांचे जीवन घरबसल्या चालले होते, त्यांनी त्याला ‘ठाऊक होते ना’ असे विचारावे काय?

विमा जेथे संपतो तेथून पुढे भार कोणी उचलायचा, याची काही उत्तरे त्या काळात मिळाली. सगळी सारखी समाधानकारक नव्हती. मे २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ मोहिमेने परदेशी अडकलेल्यांना मायदेशी आणले, पण भाडे त्यांचे त्यांनाच भरावे लागले. विमानतिकिटांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी अधिक नेमका निवाडा दिला. टाळेबंदीच्या काळातच, त्याच काळातील प्रवासासाठी ज्यांनी तिकिटे काढली होती, त्यांचे पैसे पूर्ण परत करावेत. कारण विमाने उडणार नाहीत हे ठाऊक असताना कंपन्यांनी ती विकायलाच नको होती. आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. कंपनीची तेवढी ऐपत नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे जमापत्र द्यावे आणि प्रवाशाला थांबावे लागले म्हणून त्याचे मूल्य दरमहा वाढवत जावे. येथे ‘ठाऊक होते’ हा मुद्दा पहिल्यांदा विकणाऱ्याला विचारला गेला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

आपल्या धर्मग्रामांतून आता पुन्हा पवित्र भूमीच्या, फातिमाच्या, लूर्दच्या यात्रा निघू लागल्या आहेत. त्यांची आखणी बहुधा आपल्यातलेच कोणी करतात आणि पैसे विश्वासावर गोळा होतात. साथ ओसरली असली तरी युद्ध, बंद सरहद्दी, रद्द झालेली विमाने ही ठाऊक असलेली संकटे आहेतच. पहिला हप्ता घेण्याच्या बैठकीत विमापत्रातील अपवादांचे पान मराठीत वाचून दाखवायला पंधरा मिनिटे पुरतात. तेथेच दुसराही एक प्रश्न निघावा: यातले काही घडून एखाद्या कुटुंबाची वर्षांची बचत बुडाली, तर उरलेले आपण चाळीस जण त्याच्यासाठी काय करणार आहोत? विमा कंपनीचा प्रतिनिधी त्या बैठकीत असला तरी या प्रश्नाचे उत्तर देणे हे त्याचे काम नव्हे.